कामाचा आवाका कोणी ठरवायचा?



"एसीत बसून कसला आलाय ताण?" हा प्रश्न पनवेलमध्ये घरोघरी विचारला जातो. विचारणाऱ्यांत गिरणीत रात्रपाळ्या काढलेले आजोबा असतात, तळोजे एमआयडीसीत भट्टीसमोर उभे राहून निवृत्त झालेले काका असतात, पहाटेच्या लोकलने भाजीची पाटी मुंबईला नेणारी मावशी असते. त्यांचे कष्ट डोळ्यांना दिसत होते. खुर्चीत बसलेला, कानाला हेडफोन लावलेला, चांगला पगार घेणारा मुलगा "माझ्यात आता काही उरलं नाही" म्हणतो, तेव्हा त्यांना खरोखरच उमगत नाही की संपले ते काय. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गातला कोणताही प्रश्न हसण्यावारी नेत नसत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. मीही हा प्रश्न तसाच मानाने घेतो. आजचे माझे बोलणे म्हणजे त्याचेच उत्तर आहे.

सकाळी पनवेलहून ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये बसा. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, प्रत्येक स्थानकावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले-मुली उतरतात. कुर्ल्याला उतरून बीकेसी गाठणारी वेगळी, कळंबोलीला एक्स्प्रेस वेवर पुण्याची बस धरणारी वेगळी. आणि करंजाडे, कामोठे, खारघरच्या फ्लॅटमध्ये दार लावून घरूनच काम करणारी तर मोजदादीतच येत नाहीत. यांतली बरीच मुले स्टार्टअपमध्ये आहेत. वीस-तीस माणसांची कंपनी, गुंतवणूकदारांचा पैसा आणि काम 'अजाईल' पद्धतीचे, म्हणजे छोट्या मुदतीच्या तुकड्यांत. माझे आयुष्य या धंद्यात गेले, अशा टीम मी चालवल्या आहेत. म्हणून आधी आतले एक दृश्य तुमच्यासमोर ठेवतो.

कामोठ्यातली एक मुलगी माझ्या माहितीतली आहे. तिचे नाव सांगत नाही, कंपनीचेही नाही. सोमवारी सकाळी स्प्रिंट प्लॅनिंगची मीटिंग असते. पुढच्या दोन आठवड्यांत काय काय पुरे करायचे ते तिथे ठरते. एक काम असे: ग्राहकाचे पैसे कापले गेले पण ऑर्डर झाली नाही, तर ते पैसे आपोआप परत जायला हवेत. कामाचा अंदाज पॉइंटमध्ये द्यायचा असतो. ती म्हणते, "आठ." प्रॉडक्ट मॅनेजर विचारतो, "आठ? मागे असंच काहीतरी पाचात झालं होतं ना?" ती सांगू लागते की ते वेगळे होते, यात बँकेचा प्रतिसाद उशिरा येतो, कधी दोनदा येतो. तेवढ्यात टीम लीड म्हणतो, "पाच धरू. बघू." आणि स्क्रीनवर पाच लिहिले जातात.

त्या तीन पॉइंटांचे काम मात्र कमी झालेले नसते, ते तिच्या घरी जाते. बँकेचा निरोप दोनदा आला तर पैसे दोनदा परत जाऊ नयेत, मध्येच सर्व्हर बंद पडला तर व्यवहार अर्धवट लटकू नये, यासाठी लिहायचा कोड आणि त्याच्या चाचण्या ती रात्री अकरानंतर करते. रोज सकाळी दहाला स्टँड-अप. काल काय केले, आज काय करणार, काही अडथळा? ती म्हणते, "नो ब्लॉकर्स." कारण अडथळा सांगितला तर पुढचा प्रश्न येतो: पाच तर तूच दिले होतेस ना? दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी काम उरते आणि बोर्डावर तिच्या नावापुढे 'स्पिलओव्हर' अशी नोंद होते. तिला झोप लागत नाही, जेवताना हात फोनकडे जातो, आईवर ती विनाकारण खेकसते. मग कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा मेल येतो: शुक्रवारी चार वाजता ताणमुक्तीचे ऑनलाइन सत्र, उपस्थिती अपेक्षित.

एसीत बसून कसला ताण, याचे माझे उत्तर या दृश्यातच आहे. ताण कामाच्या डोंगराचा असतोच. पण माणसाला आतून पोखरते ते हे, की काम किती आहे हे ज्याला करायचे आहे त्याने सांगितले आणि ते कोणीतरी खोडून टाकले.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांच्या माहितीवरून हीच गोष्ट मांडली. कामाचा रेटा मोठा आणि ते काम कसे, केव्हा, किती करायचे यावर हुकमत मात्र नाही, अशा जागी ताण सर्वांत घातक होतो. रेटा मोठा असूनही हुकमत हाती असेल तर तोच माणूस शिकतो, फुलतो. शस्त्रक्रिया करणारे सर्जन, दिवाळीत रात्रंदिवस राबणारे मिठाईवाले, स्वतःच्या शेतात पेरणीच्या दिवसांत उभा असलेला शेतकरी, हे सगळे बेदम दमतात. पण त्यांच्या दमण्याला बहुधा ती अपमानाची किनार नसते.

आता अजाईलबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या मुलांचा या शब्दावर राग आहे आणि तो चुकीच्या पत्त्यावर जातो. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी १७ सॉफ्टवेअर जाणकार जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्यासोबत १२ तत्त्वे आहेत. त्यांतल्या एकाचा आशय असा की कामाची गती अशी असावी जी पैसा लावणारे, काम करणारे आणि वापरणारे या सर्वांना कितीही काळ टिकवता येईल. या १७ जणांत केंट बेक होते. त्यांनी आधीच, १९९९ साली, आपल्या पद्धतीत आठवड्याला ४० तासांचा नियम घातला होता आणि सलग दुसऱ्या आठवड्यात जादा वेळ काम करायचे नाही, असे स्पष्ट सांगितले होते. अजाईलचाच एक प्रकार असलेल्या स्क्रम पद्धतीची २०२० ची मार्गदर्शिका पाहा: कामाचा आकार ठरवण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्या डेव्हलपरांची. स्टँड-अप १५ मिनिटांचा, आणि तोही डेव्हलपरांनी आपापसात आजचा बेत आखण्यासाठी, साहेबाला हजेरी देण्यासाठी नव्हे. स्टोरी पॉइंटची, म्हणजे त्या आठ-पाच पॉइंटांची, कल्पना आपल्याकडून निघाली असावी असे मानणाऱ्या रॉन जेफ्रीज यांनी तर २०१९ साली तिच्या गैरवापराबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. टीमने स्वतःच्या सोयीसाठी केलेले माप दोन टीमची तुलना करायला आणि माणसांवर दबाव आणायला वापरले जाऊ लागले, हे त्यांचे दुखणे होते.

म्हणजे ही पद्धत जन्मली ती काम करणाऱ्याच्या हाती लगाम देण्यासाठी. आपल्याकडे येताना रोजची मीटिंग आली, बोर्ड आला, दोन आठवड्यांची मुदत आली. लगाम तेवढा वरच राहिला.

हे आपल्याकडे प्रथमच घडते आहे असे मात्र नाही. इथून पुढे मी थोडा वेळ जुन्या मुंबईत रेंगाळणार आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधू'चे संपादक आणि काही काळ मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. गिरणीच्या आत त्यांनी जे पाहिले ते बाहेरून पाहणाऱ्या दयाळू माणसांना दिसत नव्हते. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेले. मागण्या अशा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, कामावर दुखापत झाली तर भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आपल्या कुलाबा-रत्नागिरीतून गेलेली किती माणसे त्या गिरण्यांत होती, हे या सभागृहाला मी सांगायला नको.

त्या निवेदनातला 'सूर्यास्त' मला फार महत्त्वाचा वाटतो. लोखंड्यांनी कामाच्या तासांची हद्द सूर्याकडून घेतली, कारण अंधार पडला की माग थांबवावेच लागत. मग १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, स्वदेशीच्या लाटेत कापडाला मागणी वाढली आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. निसर्गाने घातलेली हद्द एका बटणाने पुसली गेली. ती पुन्हा आखायला १९११ चा कायदा यावा लागला. त्यात कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली.

आमच्या मुलांच्या बाबतीत तेच काम फोनने केले. पूर्वी कचेरी बंद होत असे, कपाटाला कुलूप लागत असे, लोकल पकडायची असे. आता रात्री सव्वाअकराला स्लॅकवर, म्हणजे कचेरीच्या निरोपांच्या ॲपवर, "क्विक क्वेश्चन" येतो. ऑन-कॉलची पाळी असेल तर पहाटे तीनला फोन किंचाळतो, कारण सर्व्हर पडलेला असतो. आणि सकाळी दहाला स्टँड-अप असतोच.

याची किंमत शरीर मोजते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्र प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक, तर हृदयरोगाने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो. २०१६ या एका वर्षात जगभरात ७,४५,००० मृत्यू अशा दीर्घ तासांशी जोडले गेले. २०२४ च्या जुलैत पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत नुकतीच रुजू झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली, आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. ती कंपनी स्टार्टअप नव्हती आणि मृत्यूच्या कारणाचा निवाडा मी करणार नाही. पण ते पत्र वाचून पनवेलमधल्या किती आयांनी त्या रात्री मुलांच्या खोलीचे दार ढकलून पाहिले असेल! आठवड्याला ७० तास, ९० तास काम करा, असे उद्योगपतींनी सांगण्याचा काळही हाच आहे. मला ते सल्ले अन्यायाचे वाटतात. स्वतःच्या कंपनीसाठी ७० तास देणारा आणि दुसऱ्याच्या कंपनीसाठी तेवढेच देणारा, यांच्या हाती वर्षाअखेरीस सारखे काही पडत नाही.

स्टार्टअपच्या संस्थापकांवर मी सरसकट रोष धरत नाही. त्यातल्या अनेकांनी घर गहाण टाकलेले असते. बँकेत पुढच्या सात-आठ महिन्यांच्या पगारापुरतेच पैसे असतात, आणि २०२२ नंतर गुंतवणुकीचा ओघ आटल्यापासून तर पुढचा हप्ता मिळेलच याची खात्री राहिलेली नाही. गुंतवणूकदार संस्थापकाला विचारतो, संस्थापक प्रॉडक्ट मॅनेजरला, आणि शेवटी आठाचे पाच होतात. ही भीती मुळात पैशाची आहे, आणि ती उतरत उतरत ज्याच्याकडे सर्वांत कमी अधिकार आहे त्याच्या झोपेवर येऊन बसते. त्यातच 'ईसॉप', म्हणजे पुढे मिळणारे शेअर. कायद्यानेच ते हाती यायला किमान एक वर्ष लागते, बहुतेक कंपन्यांत तीन-चार वर्षे. "एवढी कळ काढ, कंपनी मोठी झाली की बघ," हे वाक्य मुले स्वतःलाच ऐकवत राहतात.

कायद्याचे काय? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा वेळेला दुप्पट दर ठरवला. पण विश्वासाच्या, व्यवस्थापकीय वा देखरेखीच्या जागेवरचा माणूस त्यातून वगळला. आमच्याकडे तर दोन वर्षांचा अनुभव असलेला मुलगाही 'लीड' असतो! पदनाम वाढते आणि संरक्षण गळते. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्याला आणि कायदा २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता ठेवण्याला मान्यता दिली. छोटे स्टार्टअप तिथेच निसटतात. कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडले. फ्रान्समध्ये असा कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे तो यायला वेळ लागेल. तोवर मुलांनी करायचे काय?

मानसशास्त्रात लॅझारस आणि फोकमन यांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले. एक, ज्या गोष्टीने ताण येतो तीच बदलायला जायचे. दुसरा, ती बदलता येत नसेल तर आपल्या मनात उठणाऱ्या कल्लोळाला आवर घालायचा. दोन्ही लागतात. माझी तक्रार आहे ती अशी की कंपन्या फक्त दुसरा मार्ग वाटतात. प्राणायाम चांगलाच आहे, मी स्वतः करतो. पण प्राणायामाने पाचाचे आठ होत नाहीत.

दुसऱ्या मार्गासाठी मराठी माणसाला दूर जायला नको. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. "माझा स्प्रिंट पुरा झालाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी" या वाक्यातल्या 'च'ला हात घालायला ती शिकवते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आपल्यापासून एका लोकलच्या अंतरावर आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. तो चोवीस तास उपलब्ध असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर हा क्रमांक आधी, बाकी सगळे नंतर. आणि तेव्हा राजीनामा देण्यातही कमीपणा नाही.

पहिला मार्ग एकट्याने चालणे मात्र अवघड आहे. कामोठ्याच्या त्या मुलीने एकटीने "आठच" म्हणून धरून ठेवले तर ती हेकट ठरते. टीममधल्या पाचही जणांनी आपले अंदाज मीटिंगआधी एकत्र बसून काढले आणि एकाच सुरात सांगितले, तर लीडला "बघू" म्हणणे जड जाते. तिच्या टीमने पुढे हेच केले. अंदाज सर्वांनी एकाच वेळी दाखवायचे, आणि कमी करायचे असेल तर कामातला कोणता भाग गाळायचा ते प्रॉडक्ट मॅनेजरने लेखी सांगायचे. दुसऱ्याच मीटिंगमध्ये त्याने पैसे परत करण्याच्या कामातून तीन दुर्मीळ शक्यता पुढच्या स्प्रिंटला ढकलल्या. त्या ढकलता येत होत्या, एवढेच की आधी कोणी विचारले नव्हते. रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावरच्या आढाव्याच्या मीटिंगमध्ये, त्यांनी ऑन-कॉलचे जागरण झाले तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी मागितली आणि मिळवली. सगळे प्रश्न सुटले असे नाही. पण ती पुन्हा वेळेवर झोपू लागली.

एकत्र मागणे या भूमीला नवीन नाही. १९८४ च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली नवी मुंबई प्रकल्पात जमिनी गेलेले शेतकरी उभे राहिले, पाच जणांनी प्राण दिले, आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या लढ्यातून आला. त्याच प्रकल्पग्रस्तांची नातवंडे आज ऐरोली-महापेच्या कचेऱ्यांत बसतात. पुण्यात नाईट्ससारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना काम करते. संघटना हा शब्द नको वाटत असेल तर नको, पण पाच जणांनी मीटिंगआधी चहाला एकत्र बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

घरच्यांना एक विनंती. मुलगी घरून काम करते म्हणजे ती घरी आहे, असे धरू नका. सकाळचा स्टँड-अप, दुपारी सासऱ्यांचा चहा, संध्याकाळी मुलाचा अभ्यास आणि रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या ग्राहकाचा कॉल, हे सगळे एकाच खोलीत एकाच बाईवर येते. मुलग्याला खोलीचे दार लावायची मुभा मिळते, सुनेला नाही. हे आपल्या हातात आहे, त्याला कुठला कायदा लागत नाही.

आणि सभागृहात मागे बसलेल्या, नोकरी शोधत असलेल्या मुलांना. मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असे विचारतात तेव्हा पगाराबरोबर एवढे विचारा: कामाचा अंदाज कोण देतो आणि तो बदलला तर कोण बदलतो? गेल्या तीन स्प्रिंटमध्ये किती काम उरले आणि त्यावर काय चर्चा झाली? ऑन-कॉलची पाळी किती जणांत फिरते आणि जागरणानंतर भरपाई सुट्टी असते का? माझे पदनाम व्यवस्थापकीय धरले जाणार का? गेल्या वर्षी किती जण सोडून गेले? चांगला संस्थापक या प्रश्नांनी चिडत नाही. माझ्या ओळखीच्या काहींनी तर हे विचारणाऱ्यालाच नोकरी दिली.

आता प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. सभागृहात कोणी स्वतःची कंपनी चालवणारे असतील तर त्यांनी आधी बोलावे. आठाचे पाच करण्याची वेळ त्यांच्यावर का येते आणि ती टाळायला त्यांना काय हवे, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचे आहे.